जांभळाचा घरगुती शिरका

ज्येष्ठ वद्य पक्षात देहूहून तुकोबांची व आळंदीहून ज्ञानोबांची पालखी पंढरपुराकडे प्रस्थान ठेवते. साधारणपणे त्याच सुमारास मावळ व खेड या भागांतील ओढ्यांच्या कडेची आणि शेतांच्या बांधांवरची जांभळे पिकून गळू लागतात. निघोजे हे खेड तालुक्यातील गाव देहू व आळंदी यांच्या दरम्यान इंद्रायणीच्या उत्तर काठास वसलेले आहे. चाकण औद्योगिक वसाहतीच्या विस्तारात या गावाची पुष्कळशी जमीन कारखान्यांखाली गेली. जेथे पूर्वी पेरण्या होत, तेथे आता मोटारी तयार होतात. ज्या कुटुंबांकडे थोडे रान, एखादी विहीर वा बांध उरला आहे, त्यांच्या दृष्टीने बांधावरचे एकेक झाड हे आता पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे झाले आहे.

जांभळाचे झाड देते भरपूर. पण ते एकदम देते, आणि दिलेले टिकत नाही. पिकलेले फळ साध्या हवेत जेमतेम दोन दिवस राहते. त्यातच मृगाचा पाऊस लागला म्हणजे फळ फुटते, मातीत पडते व त्याला बुरशी धरते. सकाळी पाटीत भरून नेलेली जांभळे संध्याकाळपर्यंत खपली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. असे शिल्लक राहिलेले परंतु चांगले फळ उकिरड्यावर टाकण्याऐवजी त्याचा शिरका, म्हणजे ज्याला बाजारात व्हिनेगर म्हणतात तो, करून ठेवता येतो. त्यास भारी यंत्रसामग्री लागत नाही. स्वच्छता, थोडे मोजमाप आणि दोन महिन्यांचा धीर एवढेच भांडवल पुरते.

वाइन आणि शिरका यांचे नाते

फळांचा रस उघडा राहिला की तो आंबतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. मात्र हे आंबणे दोन टप्प्यांत घडते, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. पहिल्या टप्प्यात किण्व, म्हणजे यीस्ट, रसातील साखर खाते व तिच्यापासून मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करते. या कामास हवेची गरज नसते. येथवर आलेला द्राक्षाचा रस म्हणजेच वाइन. दुसऱ्या टप्प्यात ॲसिटोबॅक्टर जातीचे जंतू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात आणि रसाचा शिरका बनतो. ‘व्हिनेगर’ हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचा अर्थच मुळी ‘आंबट वाइन’ असा आहे.

फ्रान्समधील वाइन वारंवार का नासते, याचा शोध लुई पाश्चर यांनी घेतला. त्यांचा वाइनवरील ग्रंथ १८६६ मध्ये व शिरक्यावरील ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाइन करणाऱ्याने हवा बाहेर ठेवावी आणि शिरका करणाऱ्याने ती आत घ्यावी, असे त्यांच्या अभ्यासाचे व्यवहारातील सार सांगता येईल. एकाच्या घरची नासाडी ती दुसऱ्याच्या घरची कमाई ठरते, ती अशी.

निघोजेच्या वाचकास वाइनचा धंदा अपरिचित नाही. पुणे-नाशिक रस्त्याने चाकण व राजगुरुनगर मागे टाकून पुढे गेले की जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. तेथे १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी ‘इंडेज’ या नावाने द्राक्षापासून वाइन करण्याचा कारखाना काढला. पुढे २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक, पुणे व सांगली या जिल्ह्यांत या धंद्यास चालना मिळाली. हे पाहून ‘आपणही घरच्या घरी बरणीभर वाइन का करू नये?’ असा प्रश्न काहींच्या मनात येतो. त्याचे उत्तर आधी स्पष्ट केलेले बरे.

कायदा काय सांगतो

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, त्याअन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. फळ स्वतःच्या झाडाचे आहे किंवा मद्य विकावयाचे नाही, एवढ्याने परवान्याची गरज टळते असे समजू नये. आंबलेला रस भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढणे तर केव्हाही करू नये. मालाड येथील मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल हे कारखान्यात वापरले जाणारे विषारी द्रव्य मिसळलेले होते. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

शिरक्याच्या वाटेवरही पहिल्या टप्प्यात थोडा मद्यार्क तयार होतो, ही गोष्ट लपवून ठेवण्याजोगी नाही. म्हणून तीन नियम कटाक्षाने पाळावेत. पहिली आंबवण संपली की त्याच दिवशी रसात जुना शिरका मिसळावा. मधल्या अवस्थेतील रस साठवू नये, पिऊ नये वा कोणास देऊ नये. आणि काम हाती घेण्यापूर्वीच राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करावी; विक्रीचा विचार असल्यास ती लेखी करावी. पूर्ण मुरलेल्या शिरक्यात मद्यार्काचा केवळ अंश उरतो. परंतु गळ्यात माळ असलेल्या किंवा अन्य कारणाने मद्यार्क वर्ज्य मानणाऱ्या व्यक्तीस ही माहिती आधी द्यावी व निर्णय तिच्यावर सोपवावा.

फळांची निवड

शिरक्यासाठी फळ पूर्ण पिकलेले, काळेभोर व रसाळ घ्यावे. आकाराने लहान किंवा किंचित फुटलेले चालेल. मात्र बुरशी आलेले, किडलेले वा चिखलात पडून राहिलेले फळ घेऊ नये. जांभळाची फांदी ठिसूळ असते व माणसाच्या भाराने अचानक मोडते. तेव्हा झाडावर उंच चढण्यापेक्षा खाली जुनी लुगडी किंवा जाळे पसरावे व बांबूच्या आकडीने फांद्या हळूच हलवाव्यात. अशाने फळास मातीही लागत नाही.

वर्दळीच्या रस्त्यालगतच्या झाडांच्या फळांवर धूळ व धूर बसलेला असतो. ती फळे दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवावीत. धुण्यासाठी नदीचे पाणी मुळीच वापरू नये. इंद्रायणीत सांडपाणी मिसळते व तिच्या पाण्यावर फेस आलेला आळंदीस अनेकदा दिसला आहे. पिण्यायोग्य पाणीच घ्यावे.

रस काढणे

भांडी स्टेनलेस स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची असावीत. तांबे, पितळ, लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या भांड्यांना आम्ल खाते आणि धातूचा अंश रसात उतरतो. कल्हईच्या भांड्यावरही विसंबू नये. सर्व भांडी व फडकी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवून घ्यावीत.

दहा किलो जांभळे हाताने कुस्करावीत. बिया फुटू देऊ नयेत. त्या फुटल्यास रसास कडवट, तुरट चव येते. कुस्करलेल्या गरात एक लिटर उकळून गार केलेले पाणी घालून ते मिश्रण मंद आचेवर सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे व पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. यामुळे सालीचा रंग रसात उतरतो व नको असलेले जंतू मरतात. मिश्रण उकळू देऊ नये. नंतर ते जाड फडक्यातून गाळून घ्यावे. फळाच्या गरानुसार पाच लिटरच्या आसपास रस हाती येतो.

आता रसातील साखर पाहावयाची. द्राक्ष बागायतदार ज्या रिफ्रॅक्टोमीटरने मण्यांची गोडी मोजतात, तेच उपकरण येथे उपयोगी पडते. शिरक्यासाठी बारा ते चौदा अंश ब्रिक्स गोडी पुरे होते. ती कमी भरल्यास दर अंशामागे लिटरला दहा ते बारा ग्रॅम साखर किंवा स्वच्छ गूळ विरघळवावा. उदाहरणार्थ, पाच लिटर रसाची गोडी दहा अंश असून ती तेरावर न्यावयाची असल्यास दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅम साखर लागेल. अधिक साखर घातल्याने शिरका अधिक चांगला होतो, हा समज चुकीचा आहे. मद्यार्क फार वाढला तर शिरक्याचे जंतू नीट काम करीत नाहीत.

पहिली आंबवण

रस तीस अंशांच्या खाली निवला की त्यात दर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम सुके किण्व कोमट पाण्यात भिजवून मिसळावे. वाइनसाठीचे किण्व मिळाल्यास उत्तम; न मिळाल्यास बेकरीत वापरले जाणारे चालते. सरबते टिकविण्यासाठी जे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, ते येथे घालू नये. त्याने पुढे शिरक्याच्या जंतूंच्या वाढीस अडथळा होतो.

बरणी तीन चतुर्थांश भरावी आणि तोंडावर चार पदरी फडके बांधावे. झाकण घट्ट लावण्याची चूक कदापि करू नये. पाच लिटर रसातील सहाशे ग्रॅम साखर आंबली म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास वायू बाहेर पडतो. त्याला वाट मिळाली नाही तर बरणी फुटून काचांनी इजा होऊ शकते. आषाढातील पुणे भागाची हवा या आंबवणीस मानवते. खोलीचे तपमान पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान असावे व बरणीवर ऊन येऊ नये.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे दिसू लागतात. आठ-दहा दिवसांत ते थांबतात, गोडी जाते व गाळ तळाशी बसतो. मग गाळ न हलवता वरचा रस रबरी नळीने दुसऱ्या भांड्यात ओढून घ्यावा. नळी तोंडाने ओढू नये. ती उकळलेल्या पाण्याने भरून सोडावी.

दुसरी आंबवण

येथून पुढे हवा हवी. यासाठी पसरट तोंडाची बरणी घ्यावी व ती निम्म्याच्या थोडी वर भरावी, म्हणजे रसाचा मोठा पृष्ठभाग हवेशी भिडेल. चार भाग रसास एक भाग जुना, न तापवलेला शिरका विरजण म्हणून मिसळावा. दह्याच्या विरजणाप्रमाणेच यात जिवंत जंतू असणे आवश्यक आहे. प्रथमच करणाऱ्यास घरचा जुना शिरका न मिळाल्यास तळाशी गढूळ साका असलेला, न तापवलेला सफरचंदाचा शिरका दुकानातून आणावा. पांढराशुभ्र कृत्रिम शिरका या कामी निरुपयोगी आहे. तो ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेला असल्याने त्यात जंतू नसतात.

बरणीच्या तोंडावर बारीक विणीचे फडके घट्ट बांधावे. आंबट वासाने चिलटे येतात व त्यांच्या पायांनी घाण आत जाते. आठवड्याभरात रसावर गुळगुळीत, पातळ पडदा धरतो. हा शिरक्याचा जंतुपडदा होय. बरणी हलवली की तो तुटून बुडतो आणि काम लांबते. म्हणून बरणी एकदा ठेवली की जागेवरून हलवू नये व दररोज उघडून पाहण्याचा मोह टाळावा. चार ते आठ आठवड्यांत शिरका तयार होतो.

काम मध्येच बिघडले तर त्याची खूण पडद्यावरून कळते. कोरडा, सुरकुतलेला पांढरा थर आला असेल तर विरजण अपुरे पडले किंवा ते निर्जीव होते, असे समजावे. थर काढून टाकून आणखी जुना शिरका घालावा. हिरवी वा काळी बुरशी आली, किंवा कुजका वास आला, तर सर्व रस फेकून द्यावा. वरची बुरशी काढून खालचा रस वापरणे धोक्याचे आहे.

शिरका पूर्ण आंबट झाल्यावरही बरणी उघडी राहिली, तर तेच जंतू आम्लाचे पाणी व वायू करू लागतात आणि आंबटपणा उतरतो. यास्तव शिरका तयार झाला की पुढील हंगामाच्या विरजणासाठी एक बाटली बाजूस काढावी. बाकीचा दाट फडक्यातून गाळून स्वच्छ बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावा. बाटल्या पाण्यात उभ्या करून साठ ते पासष्ट अंशांवर अर्धा तास तापवाव्यात व प्लॅस्टिकच्या अस्तराचे बूच लावून अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. विरजणाची बाटली मात्र तापवू नये.

आंबटपणाची परीक्षा

जिभेस आंबट लागला म्हणजे शिरका उतरला, असे नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे शिरक्यात निदान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते व त्यात गंधकाम्लासारखे खनिज आम्ल असता कामा नये. ही परीक्षा शाळेच्या वा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली सहज होते. पाच मिलिलिटर शिरका घेऊन तो उकळून गार केलेल्या पुष्कळ पाण्यात मिसळावा. त्यात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकावेत व दशांश नॉर्मल तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. लागलेल्या मिलिलिटरांना ०.१२ ने गुणले की आम्लाचे शतमान निघते. सव्वाएकतीस मिलिलिटर लागले तर आम्ल बरोबर ३.७५ टक्के आहे. जांभळाचा रंग अल्कात स्वतःच पालटतो व त्यामुळे अखेरची खूण फसवी ठरू शकते. म्हणून पाणी पुरेसे घालून रंग फिका करणे महत्त्वाचे आहे.

वापर आणि विक्री

कांदा, काकडी व कोशिंबिरीत या शिरक्याचा स्वाद चांगला लागतो. ज्याचा आंबटपणा मोजलेला नाही, असा शिरका वर्षभर टिकवायच्या लोणच्यात वापरू नये. आम्ल कमी पडल्यास लोणचे बिघडते व प्रकृतीस अपाय होऊ शकतो. नुसता शिरका पिऊ नये; त्याने दातांचे कवच झिजते. जांभळाचा शिरका मधुमेहावरचे औषध म्हणून सांगितला जातो. परंतु त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इन्शुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते. पदार्थ म्हणून तो चांगला आहे; औषधाची जागा त्यास देऊ नये.

एखाद्या बचत गटास हा शिरका विकावयाचा असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी लागते. बाटलीवर घटक, वजन वा माप व तयार केल्याची तारीख यांचा तपशील द्यावा लागतो. राजगुरुनगर येथील तालुका कृषी कार्यालयात तसेच नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रक्रिया प्रशिक्षणाविषयी व चालू योजनांविषयी विचारणा करावी. आम्ल पाण्यात मिसळून केलेल्या शिरक्यावर तो ‘सिंथेटिक’ असल्याचे छापणे नियमाने बंधनकारक आहे. गिऱ्हाइकास हा भेद समजावून सांगितला, तर फळाच्या रसापासून दोन महिने मुरवलेल्या शिरक्यास वेगळे मोल मागता येते. पण ते मोल टिकते ते प्रत्येक बरणीचा आंबटपणा सारखा राहिला तरच. पहिल्या वर्षी एकच बरणी घालावी, तारखा व मापे वहीत टिपून ठेवावीत आणि परीक्षेत उतरल्यावरच पुढील हंगामी दोनाच्या चार कराव्यात.

निघोजेसारख्या गावात नवी जांभळाची झाडे लावण्यास जागा दिवसेंदिवस कमी पडत आहे. रोपाला फळ धरावयास काही वर्षे लागतात, पण बांधावरचे जुने झाड तोडावयास एक दुपार पुरते. त्या झाडाखाली पडणाऱ्या फळाला घरात काही किंमत आली, तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी धनी दोनदा विचार करील. येत्या मृगात झाडाखाली एक लुगडे पसरून या कामास प्रारंभ करावा.